पान कुठलं?

रविवारी दुपारी वरच्या मजल्यावरच्या मामांची भाची जिना उतरून माझ्याकडे आली. लातूरची पोर. इथे दिल्लीत इतिहासात एम. ए. करते, कोटला मुबारकपुरात मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते आणि रविवारी मामीच्या हातचं वरणभात खायला लक्ष्मीबाई नगरात येते. हातात स्पायरल घातलेला झेरॉक्सचा गठ्ठा आणि लॅपटॉपवर अर्धा लिहिलेला टर्म पेपर. विषय राणी लक्ष्मीबाई. शुक्रवारी सबमिशन.

"काकू, एवढंच सांगा. एमएलए पद्धतीच्या संदर्भात शेवटी साल टाकल्यावर स्वल्पविराम येतो का पूर्णविराम?"

"ते नंतर बघू. हे वाक्य तू कुठून घेतलंस?"

तिनं गठ्ठा चाळला. पान सापडलं. पृष्ठक्रमांक झेरॉक्समध्ये कापला गेलेला. पुस्तकाचं नाव नाही, लेखक नाही, साल नाही. गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर बॉलपेननं फक्त 'युनिट ३' लिहिलेलं.

"पान कुठलं?"

"तुटलंय."

"पुस्तक कुणाचं?"

"सरांनी रीडिंग दिलंय."

"सरांनी दिलं. लिहिलं कुणी?"

तिला सांगता येईना. तिच्या वर्गात चाळीस मुलं असतील, त्यांच्यातल्या कुणालाच सांगता येणार नाही. मग त्या चाळीस निबंधांत संदर्भ कुठून येतात? कुणी आदल्या वर्षीच्या सीनियरच्या यादीतून उचलतो, कुणी गूगलवर शीर्षक शोधून त्याच्यासारखं दिसणारं पुस्तक घालतो, कुणी चॅटबॉटला विचारतो. आणि गुण कापले जातात ते स्वल्पविरामासाठी.

माझं पहिलं भांडण या गठ्ठ्याशी आहे. झेरॉक्स काढण्याशी नाही, हे आधीच सांगते. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर आणि दिल्ली विद्यापीठावर २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला होता, असले गठ्ठे बांधून विकतात म्हणून. १६ सप्टेंबर २०१६ला दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. डिसेंबरात खंडपीठानंही शिकवण्यासाठी लागणाऱ्या प्रतींची मुभा मान्य केली, आणि मार्च २०१७मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. लातूरहून आणि सीतामढीहून आलेल्या पोरांना परदेशी छापाची पुस्तकं परवडत नाहीत. त्या निकालाचा मला तेव्हा मनापासून आनंद झाला होता, आजही आहे.

पण प्रकरण झेरॉक्स करता, तर पुस्तकाचं शीर्षकपान आणि त्याच्या पाठीवरचं पानही करा. पाठीवरच्या त्या पानावर आवृत्ती असते, साल असतं, प्रकाशक असतो, भाषांतर असेल तर मूळ पुस्तकाचं नाव असतं. दोन पानं जास्त. तीन-चार रुपये. हे काम दुकानदाराचं नाही आणि विद्यार्थ्याचंही नाही, गठ्ठा लावून देणाऱ्या प्राध्यापकाचं आहे. वाचायला निनावी पानं द्यायची आणि मुलांना संदर्भ देता येत नाहीत म्हणून सेमिस्टरच्या शेवटी रागवायचं, हे बंद झालं पाहिजे.

तर ते वाक्य. राणीचं झाशी न देण्याचं. निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात, अवतरणचिन्हांत, आणि पुढे काही नाही.

"हे राणीच्या तोंडून कुणी ऐकलं?"

"काकू, हे सगळ्यांना माहितीये."

माहीत सगळ्यांना आहे. पण ऐकल्याचं लिहून ठेवणारा साक्षीदार आहे जॉन लँग. सिडनीत जन्मलेला बॅरिस्टर, इकडे उत्तर हिंदुस्थानात येऊन वर्तमानपत्र चालवणारा. १८५४ साली झाशी खालसा झाली तेव्हा राणीनं त्याला सल्ल्यासाठी बोलावून घेतलं. ती पडद्याआड बसली होती. लहानग्या दत्तकपुत्रानं पडदा बाजूला ओढला म्हणून लँगला ती क्षणभर दिसली. हे सगळं त्यानं 'वाँडरिंग्ज इन इंडिया' या १८५९मध्ये लंडनला छापलेल्या पुस्तकात सांगितलंय, आणि राणीचं ते वाक्य हिंदुस्थानीतच, रोमन लिपीत दिलंय. त्या वाक्यात झाशी पुल्लिंगी आहे आणि क्रियापद अनेकवचनी. आपल्या पोस्टरांवर, नाटकांत, शाळेच्या भिंतींवर झाशी स्त्रीलिंगी झाली आणि राणी एकवचनात बोलू लागली. मराठी घरात वाढलेली राणी एका परक्या वकिलाशी हिंदुस्थानीत बोलली, त्यानं ऐकलं तसं लिहिलं, पुढच्यांनी व्याकरण सुधारलं. सुधारलेलं वाक्य अवतरणचिन्हांत घालायचं का? माझं म्हणणं, नाही. अवतरणचिन्हांच्या आतला शब्द न शब्द ज्याचा आहे त्याचाच राहिला पाहिजे. बदललेलं वाक्य वापरायचं तर चिन्हं काढा आणि आपल्या शब्दांत सांगा.

आणि साल. राणीचा जन्म कुठे १८२८, कुठे १८३५. हा सात वर्षांचा फरक आहे. जून १८५८मध्ये रणांगणावर पडलेली बाई एका हिशेबानं एकोणतिशीची, दुसऱ्या हिशेबानं बाविशीची. लँगला राणीच्या वकिलानं तिचं वय सव्वीस-सत्तावीस सांगितलं होतं, ते १८२८च्या बाजूनं जातं. निबंधात भाचीनं पहिल्या पानावर १८२८ लिहिलेलं आणि चौथ्या पानावर तिला बाविसाव्या वर्षी मारलेलं. दोन पुस्तकांतून दोन गोष्टी घेतल्या, दोन्हींची नावं घातली नाहीत, म्हणून चूक तिलाच दिसली नाही. नावं घातली असती तर दोन तळटिपा एकमेकींकडे बघून बोलल्या असत्या.

"मग लँगचं नाव घालू?" तिनं लगेच टाइप करायला घेतलं.

"तू लँग वाचलायस?"

"तुम्ही आत्ता सांगितलंत ना."

इथे थांबायला हवं, कारण एम. ए.पासून पीएच. डी.पर्यंत सगळीकडे हेच चालतं. आपण वाचतो एकाला आणि नाव घालतो त्यानं ज्याला वाचलं त्याचं. यादी भारदस्त दिसते. लँग तुझ्या गठ्ठ्यातल्या लेखकानं वाचला असेल तर लिही: लँग, अमुक लेखकाच्या अमुक पुस्तकात उद्धृत. त्यात कमीपणा काहीच नाही. त्यापेक्षा सरळ म्हणजे लँगच उघड. दीडशे वर्षांपूर्वीचं पुस्तक, स्वामित्वहक्क केव्हाच संपलेत, इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहे. जे हातात धरलंस तेच लिही. संदर्भ देण्याचा याच्या वरचा नियम मला माहीत नाही.

हा नियम मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या एम. ए.च्या प्रबंधिकेत मी एका नामवंत ग्रंथातली तळटीप जशीच्या तशी उचलली होती. मूळ पुस्तक बघितलं नव्हतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "हे तुम्ही पाहिलंय?" मी हो म्हटलं. त्यांनी मागच्या कपाटातून ते पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर उघडलं. पान चुकलेलं होतं, सालही चुकलेलं होतं. दोन्ही चुका त्या नामवंताच्या, आणि माझ्या सहीनं पुढे गेलेल्या. त्यांनी गुण कापले नाहीत. पुस्तक बंद करून जागेवर ठेवलं. तो आवाज अजून कानात आहे.

आता ज्यासाठी हे सदर लिहायला बसले त्या गोष्टीकडे येते. राणीचं ते वाक्य साऱ्या देशाला पाठ आहे. राणीनं दिलेले संदर्भ कुणाला पाठ आहेत?

२१ नोव्हेंबर १८५३ला राणीचे पती गंगाधरराव गेले. आदल्याच दिवशी दत्तकविधान झालं होतं. फेब्रुवारी १८५४मध्ये राणीचा खलिता गव्हर्नर-जनरल डलहौसीकडे गेला. मसुदा कुणीही केलेला असो, मोहोर तिची. त्या खलित्यात आक्रोश कमी आणि आधार जास्त आहेत. १८१७ साली ईस्ट इंडिया कंपनीनं झाशीशी केलेल्या तहाचं दुसरं कलम काढून दाखवलंय. त्या कलमात दोन वेगळे शब्द आहेत: 'वारसान' आणि 'जानशीनान'. पहिला वारसांसाठी, दुसरा गादीवर मागून बसणाऱ्यांसाठी. राणीचा मुद्दा असा की रक्ताच्या वारसांपुरतंच बोलायचं असतं तर पहिला शब्द पुरेसा होता. दुसरा मुद्दाम घातला तो दत्तकासाठी. पुढे शेजारच्या संस्थानांचे दाखले: दतिया, ओरछा, जालौन, जिथे दत्तक मान्य झाले होते. कोणता तह, कोणतं कलम, त्यातला कोणता शब्द, आणि आधी कुठे असं घडलं. पूर्ण संदर्भ यापेक्षा वेगळा नसतो.

डलहौसीनं ते मानलं नाही. झाशी कंपनीच्या मेहेरबानीनं चालणारं संस्थान आहे आणि याआधीही तिथला दत्तक मान्य झाला नव्हता, असं त्याचं म्हणणं. राणी हरली. पण ती काय म्हणाली, कशाच्या आधारावर म्हणाली आणि तिला काय उत्तर मिळालं, हे आज शब्दन्‌शब्द तपासता येतं, कारण कागद राहिला. त्याचं इंग्रजी भाषांतर लंडनच्या पार्लमेंटपुढे ठेवलेल्या कागदपत्रांत छापलं गेलं, आणि कंपनीच्या फॉरेन डिपार्टमेंटचं दप्तर आपल्याच गावात आहे. लक्ष्मीबाई नगरातून चालत आयएनए मेट्रो, पिवळी लाइन, चौथं स्टेशन केंद्रीय सचिवालय, आणि तिथून राष्ट्रीय अभिलेखागार जवळच. तिच्या नावाच्या वस्तीतून तिच्या कागदापर्यंत अर्धा तास. गर्जना आपण पाठ केली आणि कलम विसरलो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. एकोणिसाव्या शतकातल्या एका पंचविशीच्या आतबाहेरच्या विधवेनं जगातल्या सगळ्यांत बलाढ्य कंपनीला तिच्याच कागदावरच्या शब्दात पकडलं होतं. तिच्यावरच्या निबंधात एकही धड तळटीप नसावी?

भाचीनं हे ऐकलं आणि बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "हे आम्हाला का नाही शिकवलं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तिच्या निबंधातला मला सगळ्यांत आवडलेला भाग विहिरीचा. काल्पीकडच्या वाटेवर तहानलेली, धुळीनं माखलेली राणी विहिरीशी येते, तिथे असलेला भटजी तिच्यासाठी पाणी शेंदायला पुढे होतो, आणि ती म्हणते की तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी ओढू नका, मीच काढते. भटजी म्हणजे विष्णुभट गोडसे, पेणजवळच्या वरसईचे. घरचं कर्ज फेडायला दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले आणि सत्तावनच्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते आत होते. प्रसंग भाचीनं छान लिहिला होता. शेवटी कंसात एकच शब्द: 'गोडसे'.

दिल्लीतल्या कुठल्याही इतिहास विभागात ते आडनाव असं एकटं सोडून चालणार नाही, हे तर झालंच. पण खरी अडचण वेगळी आहे. विष्णुभटांचं पुस्तक 'माझा प्रवास', पण कुठलं 'माझा प्रवास'?

विष्णुभटांनी आठवणी लिहिल्या त्या घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, मोडीत. चिंतामण विनायक वैद्यांनी त्या १९०७मध्ये छापल्या, पण बदल करून, काटछाट करून. राज्य इंग्रजांचं होतं, सत्तावनबद्दल लिहिणं जोखमीचं होतं, वैद्यांना मी दोष देत नाही. त्यांनी छापलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. पुढे मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पोचलं आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये मूळ संहिता प्रसिद्ध केली. म्हणजे एकाच नावाची दोन मराठी पुस्तकं आहेत, एकोणसाठ वर्षांच्या अंतरानं, आणि ती शब्दाला शब्द सारखी नाहीत. अमृतलाल नागरांनी ते हिंदीत नेलं, 'आँखों देखा ग़दर' म्हणून. इंग्रजीत गेल्या काही वर्षांत एकाहून अधिक भाषांतरं झाली: मृणाल पांडे यांचं आहे, प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांचं आहे. प्रत्येकानं कुठली तरी एक संहिता समोर ठेवली. आता कंसातलं 'गोडसे' यांपैकी कुठे घेऊन जातं? विहिरीवरचं राणीचं बोलणं विष्णुभटांचं, वैद्यांच्या हातातून गेलेलं, का इंग्रजी भाषांतरकाराचं? वाचणाऱ्याला हे कळायला फक्त दोन गोष्टी लागतात, संपादकाचं नाव आणि साल. एवढ्यासाठी संदर्भ असतो.

तिनं कुठून घेतलं होतं? गठ्ठ्यातल्या एका इंग्रजी लेखातून. लातूरच्या मुलीनं, जिच्या आजीनं तिला ओव्या म्हणत झोपवलं, मराठी भटजीनं मराठी राणीचं मराठीत लिहिलेलं बोलणं इंग्रजीतून वाचलं आणि इंग्रजीतच पुन्हा लिहिलं. मला राग आला. तिच्यावर नाही. मराठी येणं ही इतिहासाच्या विद्यार्थ्याची दौलत आहे असं तिला दिल्लीत दोन वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. तिचे वर्गमित्र जे पुस्तक भाषांतरातूनच वाचू शकतात ते ती मुळातून वाचू शकते. मूळ मराठी वाचायचं, त्यातलं वाक्य स्वतः इंग्रजीत करायचं आणि तळटिपेत दोन शब्द जोडायचे: भाषांतर माझं. त्या दोन शब्दांत केवढा मान आहे! आणि जबाबदारीही, कारण भाषांतर चुकलं तर चूकही तिचीच.

मराठी पुस्तकांच्या संदर्भातल्या काही अडचणी एमएलए आणि एपीए या पद्धतींच्या पुस्तिका सोडवत नाहीत. जुन्या पुस्तकांवर शक असतो, इसवी सन नसतो. शके १८२९ दिसलं की ७८ मिळवा, १९०७ येतं. वर्षाच्या शेवटच्या तीनेक महिन्यांसाठी ७९. पण दोन्ही लिहा, नुसतं रूपांतर नको. नावांचंही तसंच. एपीए पहिल्या नावाचं नुसतं आद्याक्षर ठेवतं. मराठीत त्यानं दोन वेगळ्या माणसांचा एक माणूस होतो. पूर्ण नाव द्या, शिक्षक हरकत घेतील तर कारण सांगा. आणि राणीचं नाव इंग्रजीत कुठे एक्स घालून येतं, कुठे के-एस-एच घालून. जुन्या इंग्रजी कागदांत तर ती नुसतीच झाशीची राणी असते. ग्रंथालयाच्या शोधयंत्रात एकाच रूपानं शोधलं तर अर्धी पुस्तकं सापडत नाहीत. पीडीएफमधला ४७वा पडदा म्हणजे पुस्तकातलं ४७वं पान नव्हे, हेही सांगून ठेवते. पानावर छापलेला आकडा घ्यायचा.

हे सगळं परक्यांनी शिकवायला हवं असंही नाही. राजवाड्यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चे खंड काढले, बावीस झाले, गावोगावची दप्तरं उपसून. पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं निघत राहिला; त्यात कित्येक पानांवर मजकूर वर चार ओळी आणि खाली तळटीप पानभर. त्या गावचे आपण. आणि आज मराठीत लोकप्रिय इतिहास लिहिणारे बिनदिक्कत लिहितात, 'एका इंग्रज अधिकाऱ्यानं म्हटलं आहे.' कोणत्या? नाव सांगायला काय जातं? वाचक तळटिपांना कंटाळतो हे प्रकाशकांचं म्हणणं मला मान्य नाही. कंटाळतो तो वाचक तळटीप ओलांडून पुढे जातो, त्याचं काही बिघडत नाही. ज्याला हवी असते त्याला ती नाही मिळाली तर मात्र वाट तिथेच बंद होते.

भाचीला खरी भीती होती वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या यंत्राच्या टक्क्यांची. "दहाच्या वर गेलं तर?" विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम मुलांच्या मानगुटीवर बसले आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, दहा ते चाळीस असेल तर प्रबंध सुधारून द्यायचा, चाळीस ते साठला वर्षभर सादर करायला बंदी, साठच्या पुढे नोंदणी रद्द. पण त्याच नियमांत टर्म पेपर, असाइनमेंट आणि उत्तरपत्रिका वगळल्या आहेत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अवतरणचिन्हांत नीट संदर्भासह दिलेला मजकूर आणि संदर्भसूची मोजायची नसते, हेही नाही. परिणाम असा की मुलं टक्का खाली आणायला वाक्यं मोडतात, चांगल्या शब्दाच्या जागी वाईट शब्द घालतात, आणि 'वारसान', 'जानशीनान' यांसारखे ज्यावर सगळं प्रकरण उभं आहे ते शब्दच उडवतात. यंत्र खूश होतं. पुरावा मरतो. उलट कुणी मराठी पुस्तकातलं पानच्या पान इंग्रजीत करून स्वतःचं म्हणून घातलं, तर शब्द जुळवणाऱ्या यंत्राला ते सहसा कळत नाही. खोटा पृष्ठक्रमांकही कळत नाही. तो पुस्तक उघडणाऱ्या माणसालाच कळतो, आणि निबंध तपासताना एक तरी संदर्भ उघडून बघणारे शिक्षक फार थोडे आहेत. चाळीस निबंधांत प्रत्येकी एक संदर्भ तपासा. चाळीस पुस्तकं. दोन दुपारी जातील. दुसऱ्या सेमिस्टरला वर्ग बदललेला दिसेल.

चॅटबॉटबद्दल थोडंच. जून २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला, कारण त्यांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात जे जुने निकाल दाखवले ते अस्तित्वातच नव्हते. यंत्रानं रचलेले होते, नावं आणि क्रमांकांसकट. वकिलांनी एकही उघडून बघितला नव्हता. विद्यार्थ्यांना दंड होत नाही, पण गोष्ट तीच. पुस्तक उघडल्याशिवाय त्याचं नाव लिहायचं नाही. वापरायचं असेल तर यंत्र स्वल्पविराम लावायला वापरा, झोटेरोसारखं फुकट साधनही ते काम करतं.

संध्याकाळ झाली. खाली कुणीतरी शेंगदाणेवाल्याला हाक मारत होतं, आणि आयएनए मार्केटकडून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. भाचीनं पहिल्या पानावरचं राणीचं वाक्य खोडलं नाही. अवतरणचिन्हं काढली, लँगनं सांगितलेली भेट स्वतःच्या शब्दांत लिहिली आणि लँगचं पुस्तक डाउनलोड करून तो भाग माझ्यासमोर वाचून काढला. वयाचा घोळ सोडवायला एक तळटीप घातली: जन्मसालाबद्दल मतभेद, येथे १८२८ धरले आहे, कारण अमुक. मला ती तळटीप निबंधातल्या सगळ्यांत चांगल्या वाक्यांपैकी एक वाटते.

खलित्यासाठी ती बुधवारी अभिलेखागारात जाणार आहे. वाचनकक्षात पहिल्यांदा जायचं म्हणून मामांकडून ओळखपत्राच्या झेरॉक्स काढून घेतल्या.

जाताना दारात वळली. "काकू, तो पूर्णविराम का स्वल्पविराम?"

"सालाआधी स्वल्पविराम, सालानंतर पूर्णविराम."

रात्री तिनं विहिरीच्या प्रसंगाची नवी तळटीप फोनवर पाठवली. विष्णुभट गोडसे वरसईकर, 'माझा प्रवास', संपादक दत्तो वामन पोतदार, पुणे, १९६६, भाषांतर माझं. पुढे 'पृ.' लिहून जागा कोरी ठेवली होती. खाली निरोप: पुस्तक उद्या ग्रंथालयात बघते, मग आकडा घालते.